लांब स्लॉटमधल्या चार लेन

दादाने कार्ड माझ्या हातात ठेवलं तेव्हा ते अजून कोमट होतं. पाचच मिनिटांपूर्वी त्याने ते स्वतःच्या कॉम्प्युटरमधून काढलं होतं. खोक्यात आलेली चंदेरी पिशवीसुद्धा त्याने जपून ठेवली होती, घडी न मोडता. "तुझं नि माझं एकच आहे ना? मग दोन्ही एकत्र लाव. मला आता काही वेळ होत नाही," एवढंच म्हणाला आणि आत बाळ रडायला लागलं म्हणून उठून गेला.

ही २०१६ सालची गोष्ट. कार्ड होतं जीटीएक्स ९७०, खेळांची चित्रं पडद्यावर काढणारं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. काही महिन्यांच्या अंतराने आम्ही दोघांनी तेच घेतलं होतं, तेही एकाच बनावटीचं. पुढेमागे कधीतरी दोन्ही एकत्र लावता येतील, हे घेतानाच दोघांच्या मनात होतं, फक्त बोललो नव्हतो.

दोन कार्डांचा कॉम्प्युटर हे आमचं फार जुनं वेड. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू २ आलं. दोन व्हूडू २ एका छोट्या केबलने जोडली की पडद्यावरच्या आडव्या ओळी ती आपसांत वाटून घ्यायची, सम ओळी एकाने काढायच्या आणि विषम दुसऱ्याने. या पद्धतीचं नाव स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, म्हणजेच एसएलआय. एकट्या व्हूडू २ ची मजल ८०० बाय ६०० पर्यंत, जोडीची १०२४ बाय ७६८ पर्यंत. दादाने मला हे वहीवर समजावलं होतं. पानावर एका घोड्याची बाह्यरेषा काढली, त्यावर आडव्या ओळी मारल्या आणि मग एक ओळ त्याने निळ्या पेनने भरायची, पुढची मी लाल पेनने. माझा हात हळू चालायचा. तो आपली ओळ संपवून थांबायचा, माझी पुरी झाली की मगच पुढची घ्यायचा. घोडा पट्ट्यापट्ट्यांचा झाला, पण पूर्ण झाला. व्हूडू कार्ड आमच्याकडे एकही नव्हतं.

२००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने गाशा गुंडाळायला घेतला. तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाकडे गेलं आणि २००४ साली एनव्हिडियाने एसएलआय ही तीन अक्षरं नव्या अर्थाने परत आणली, स्केलेबल लिंक इंटरफेस. पुढच्या वर्षी एटीआयची दोन कार्डं जोडायची रीत आली, क्रॉसफायर. त्या सुरुवातीच्या काही मदरबोर्डांवर, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डांवर, दोन मोठ्या स्लॉटच्या मध्ये एक लहानसं कार्ड बसवलेलं असे. ते काढून उलटं बसवलं की पहिल्या स्लॉटच्या सोळा लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, दोघांत आठ-आठ वाटल्या जात. कॉलेजात असताना दादाकडे असा एक बोर्ड होता. ते लहान कार्ड त्याने एकदा उलटं लावून पाहिलं आणि परत होतं तसं केलं, कारण दुसरं ग्राफिक्स कार्ड काही कधी आलं नाही. त्याच्याकडे बोर्ड होता, कार्ड नव्हतं. आता माझ्याकडे दोन कार्डं होती.

त्या रात्री कॅबिनेटची बाजू काढली. माझ्या बोर्डावर दोन लांब स्लॉट होते, एक वर, एक खाली, दिसायला जुळे. बोर्ड निवडताना खालचा स्लॉट बघूनच मी खूश झालो होतो. टॉर्च तिरका धरून आत पाहिलं. वरच्या स्लॉटमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी पिना, कंगव्याच्या दातांसारख्या दाट. खालच्यात एका टोकाजवळच्या खाचेच्या पुढे थोड्या अंतरापर्यंत तशाच पिना होत्या आणि तिथून पुढे नुसतं काळं प्लास्टिक. निम्म्याहून जास्त स्लॉट पोकळ. मॅन्युअल काढून पाहिलं, तर तिथेही लिहिलेलं होतंच, बारीक अक्षरांत: दुसरा स्लॉट एक्स ४ वर, म्हणजे चारच लेनवर चालतो. दोन वर्षं ते मॅन्युअल माझ्या टेबलाच्या खणात होतं.

लेन म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली एक जाणारी नि एक येणारी वाट. या स्लॉटांच्या जोडणीचं नाव पीसीआय एक्स्प्रेस. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत एका लेनवरून सेकंदाला एका दिशेने साधारण ९८५ एमबी जातात, म्हणजे सोळा लेनवरून पावणेसोळा जीबी. माझ्या वरच्या स्लॉटचा रस्ता हा असा, थेट प्रोसेसरला भिडलेला. खालच्या स्लॉटच्या चार लेन दुसऱ्या आवृत्तीच्या, लेनमागे ५०० एमबी, सगळ्या मिळून २ जीबी. शिवाय त्या आधी चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे जातात, आणि चिपसेटपासून प्रोसेसरपर्यंतचा दुवाही साधारण तेवढाच रुंद. त्यावर हार्ड डिस्क, यूएसबी, नेटवर्क सगळ्यांचीच ये-जा.

एसएलआयला प्रत्येक कार्डापाशी किमान आठ लेन लागायच्या. चारवर क्रॉसफायर चालायचं, एसएलआय नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तो पर्यायच दाखवायचा नाही. जास्त टोचलं ते पुढचं. माझ्या प्रोसेसरच्या सोळा लेन आठ-आठ अशा वाटता येत होत्या, त्याच्यात ती क्षमता होती. पण माझा बोर्ड बी ८५ चिपसेटचा आणि वाटणीची मुभा झेड ८७, झेड ९७ वाल्या बोर्डांनाच. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तीच दोन कार्डं, आणि मध्ये फक्त बोर्ड आडवा.

त्यामुळे पहिले चार-पाच दिवस मला प्रश्न अगदी सोपा वाटत होता. झेड ९७ बोर्ड घ्यायचा, बाकी सगळं तसंच उचलून त्यावर मांडायचं.

ज्याने हे एकदा केलंय त्याला माहीत असतं की मदरबोर्ड बदलणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. रॅम किंवा कार्ड बदलायचं तर एक स्क्रू नि एक खटका. बोर्ड काढायचा तर आधी सगळंच काढावं लागतं. कूलर उतरवा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसा, प्रोसेसर दोन बोटांत धरून उचला, आणि खाली ते हजारावर बारीक स्प्रिंगसारखे संपर्क उघडे पडले की श्वाससुद्धा बाजूला सोडा, कारण त्यातला एक वाकला तरी बोर्ड गेला. पॉवर बटणाच्या, दिव्याच्या, रीसेटच्या नखाएवढ्या वायरी कुठे होत्या त्याचा आधी फोटो काढा. मागच्या बाजूचा पत्रा विसरलात तर सगळं परत उपसा. एवढं करून चालू केलं की विंडोजला वाटतं, हे मशीन आपल्या ओळखीचं नाही. मला या कामाचा कंटाळा नाही, उलट आवडतं. पण बिऱ्हाड हलवताना जसं एकेक भांडं हातात घेऊन ‘हे न्यायचं का?’ असं विचारलं जातं, तसं मी या कॉम्प्युटरच्या एकेका भागाबद्दल विचारायला लागलो, आणि तिथून सोप्या प्रश्नाचा अवघड प्रश्न झाला.

झेड ९७ बोर्डावर बसणारे इंटेलचे नवे प्रोसेसर यायचे थांबले होते. २०१५ साली प्रोसेसर बसायचं सॉकेट बदललं, डीडीआर४ ही नवी रॅम आली. म्हणजे मी जे घर घेणार होतो त्या गल्लीत यापुढे कोणी राहायला येणार नव्हतं. आणि नव्या गल्लीत जायचं तर बोर्डाबरोबर प्रोसेसरही नवा, रॅमही बहुतेक नवी. मग जुन्यातलं उरतं काय? दोन कार्डं. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं तीच, आणि तीही दोन वर्षांची.

मग म्हटलं, बोर्डाचं राहू दे, दुसऱ्या कार्डाला माझ्याकडे काम आहे का ते आधी बघू. याची एक साधी चाचणी आहे. खेळाचं रेझोल्यूशन एकदम खाली आणायचं. चित्र खरखरीत होतं, कार्डाचं ओझं उतरतं. त्यावर फ्रेम, म्हणजे सेकंदाला निघणारी चित्रं, वाढल्या, तर अडत होतं कार्डापाशी. फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर कार्ड मोकळंच होतं आणि अडत होतं प्रोसेसरपाशी. मी तेव्हा तीन खेळ खेळत होतो. पहिल्या खेळाच्या मोठ्या शहरात, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायचो, रेझोल्यूशन निम्मं केलं. आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. कार्ड वाट बघत बसलं होतं आणि चार कोअरचा प्रोसेसर धापा टाकत होता. तिथे दुसरं कार्ड लावलं असतं तर एकाऐवजी दोघं वाट बघत बसले असते. उरलेल्या दोन खेळांत फ्रेम भरपूर वाढल्या, म्हणजे तिथे खरंच कार्ड कमी पडत होतं. पण त्यातल्या एका खेळाला एसएलआयची प्रोफाइलच, म्हणजे काम दोन कार्डांत कसं वाटायचं याची ड्रायव्हरमधली नोंदच नव्हती. राहिला एक.

एका खेळासाठीही मी कदाचित बोर्ड घेतला असता, हे खरं सांगतो. दादाचं कार्ड चंदेरी पिशवीत टेबलावर पडून होतं आणि जाता-येता दिसत होतं.

पण त्याच आठवड्यात एका मित्राकडे गेलो. त्याच्याकडे दोन कार्डांचं मशीन होतं, बोर्ड हवा तसा, वर दोन्ही कार्डांना जोडणारा छोटा ब्रिज लावलेला. मी तासभर त्याच्या खुर्चीत बसलो. कोपऱ्यातला आकडा साठच्या आसपास स्थिर होता. मी माउस हळूहळू उजवीकडे नेत एका लांब विटांच्या भिंतीवरून नजर फिरवली. भिंत सरकत होती, पण सलग नाही. दर दोन पावलांनी एक बारीक हिसका, चालत्या माणसाची एक चप्पल सैल असावी तसा. एकदा तो दिसला की मग दिसतच राहतो.

याचं कारण त्या मशीनमध्ये नव्हतं, पद्धतीतच होतं. नवं एसएलआय ओळी वाटून घेत नव्हतं, बहुतेक वेळा अख्ख्या फ्रेमच वाटून घ्यायचं: पहिली एका कार्डाची, दुसरी दुसऱ्याची, तिसरी पुन्हा पहिल्याची. दोघांची पावलं नेमकी एकाआड एक पडली तर चाल सुंदर. पण एक फ्रेम ८ मिलिसेकंदांनी आली आणि पुढची २५ नी, तर ३३ मिलिसेकंदांत दोन फ्रेम झाल्या, सरासरी साठ, आणि आकडा समाधानी. डोळ्याला मात्र त्या २५ ची फट दिसते, जी ४० फ्रेमच्या वेगाची आहे. २०१३ च्या सुमाराला फ्रेममधलं हे अंतर मोजायची साधनं आली, कंपन्यांनी ड्रायव्हर सुधारले, दुखणं कमी झालं. पुरतं गेलं नाही.

आणि त्या सुमाराला खेळांची चित्र काढायची रीतच बदलत चालली होती. नव्या खेळांत कडा गुळगुळीत करायला आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. एकटं कार्ड असेल तर आधीची फ्रेम त्याच्याच मेमरीत असते. जोडीत ती शेजाऱ्याकडे असते, मागून आणावी लागते. तयार चित्र ब्रिजवरून जातं, पण हा मधला ऐवज पीसीआय एक्स्प्रेसच्या रस्त्याने येतो. मी कागदावर मांडलं. १९२० बाय १०८० ची एक प्रत, पिक्सेलला चार बाइट, झाले ८.३ एमबी. माझ्या खालच्या स्लॉटच्या २ जीबीच्या वाटेवरून तिला ४ मिलिसेकंद लागतील. साठ फ्रेमच्या खेळात एका फ्रेमला मिळतातच १६.७, आणि अशी प्रत एकच नसते. त्या ‘किमान आठ लेन’वाल्या अटीवर मी चिडलो होतो, ती मला आकडेमोडीनंतर पटली. पण आठ-आठ लेन दिल्या तरी वाट बघणं कमी होतं, थांबत नाही. दुसऱ्याचं काम झाल्याशिवाय आपलं पुढे सरकत नसेल, तर माणसं दोन असली तरी काम एकाच्याच वेगाने होतं. मेमरीचंही तसंच. दोन्ही कार्डांना तोच देखावा काढायचा असल्यामुळे तोच माल दोन्हीकडे भरावा लागतो. चार जीबी आणि चार जीबी मिळून चारच.

खेळ आणि कार्ड यांच्या मधला मायक्रोसॉफ्टचा दुवा, डायरेक्टएक्स १२, येऊन वर्ष झालं होतं. त्यात दोन कार्डांना कामं कशी वाटायची हे खेळ लिहिणाऱ्यांच्या हातात दिलं होतं, ड्रायव्हरच्या नाही. काही जणांना त्यात मोठी आशा दिसत होती. मला तेव्हाच वाटलं की दोन कार्डंवाले गिऱ्हाईक मूठभर, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप फारसं कोणी करणार नाही. जुलैमध्ये जीटीएक्स १०६० आलं तेव्हा त्याच्या माथ्यावर ब्रिजची जागाच नव्हती. ते पाहून माझं मन बरंचसं तयार झालं.

तरी दादाला फोन करायला मी आठ दिवस लावले. बोर्ड घेत नाही हे सांगणं कठीण नव्हतं. पण त्याने ते कार्ड विकलं नव्हतं, मला दिलं होतं, आणि का दिलं होतं ते मला माहीत होतं. शेवटी फोन केला आणि भिंतीचं, चपलेचं, चार मिलिसेकंदांचं सगळं सांगितलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, मग ते ओळीओळीचंच बरं होतं की. तू मागे राहिलास तर मला दिसायचं तरी." मी म्हटलं, "दादा, तुझं कार्ड परत आणून देऊ का?" "मी काय करू त्याचं? राहू दे तुझ्याकडे. त्याला काहीतरी काम दे."

काम माझ्या समोरच होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लहान-मोठे देखावे करत बसायचो, खोल्या, दिवे, पायऱ्या. एकेका चित्राच्या रेंडरला, म्हणजे देखाव्यावरून पूर्ण चित्र काढायला, तासाच्या वर वेळ जायचा आणि तेवढा वेळ कॉम्प्युटर दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचा नाही. रेंडर करणाऱ्या ब्लेंडरच्या सायकल्स या भागाला दोन कार्डं चालतात आणि त्याला एसएलआय लागत नाही. तेव्हा चित्राचे चौकोन पाडलेले असायचे. प्रत्येक कार्ड एक चौकोन उचलायचं, संपवायचं आणि शेजाऱ्याकडे न बघता पुढचा उचलायचं. देखावा सुरुवातीला एकदाच कार्डाच्या मेमरीत जाऊन बसतो. १ जीबीचा देखावा माझ्या अरुंद वाटेने पोचायला अर्धा सेकंद, रुंद वाटेने त्याचा आठवा हिस्सा. ज्या कामाला तास लागतो तिथे या अर्ध्या सेकंदाचं काय एवढं? जो स्लॉट एका कामाला अपुरा म्हणून मी बोर्ड टाकायला निघालो होतो, तोच या कामाला पुरून उरत होता.

बदलावा लागला तो पॉवर सप्लाय. एका कार्डाला १४५ वॅट, दोघांना २९०, प्रोसेसरला ८४. माझा ५५० वॅटचा सप्लाय कागदावर पुरेसा होता. पण प्रत्येक कार्डाला वरून दोन जोडण्या लागत होत्या, म्हणजे चार, आणि माझ्याकडे दोनच निघत होत्या. अडाप्टर लावून एकाच वायरीला दोन तोंडं फोडण्याच्या मी विरुद्ध आहे. वायर तापते, आणि ती कॅबिनेटच्या आत, पाठीमागे, कोणी बघत नसताना तापते. नवा सप्लाय घेतला. तो पुढच्या कॉम्प्युटरमध्येही जाईल हे तेव्हा म्हटलं होतं आणि तसा तो गेलाही.

खालचं कार्ड बसवायला मात्र मला जवळपास तास लागला. बोर्डाच्या अगदी तळाला पॉवर बटणाच्या त्याच नखाएवढ्या वायरी उभ्या होत्या आणि कार्डाचा पंखा बरोबर त्यांच्यावर येत होता. एकेक वायर मुळाशी बोटाने आडवी करत, बोर्डाला चिकटवत नेली. कार्ड टेकलं, खटका बसला, मग टॉर्च लावून पंखा बोटाने फिरवून पाहिला. एक वायर अजून पात्याला लागत होती, टिक टिक टिक. परत काढलं. तिसऱ्या खेपेला पंखा निःशब्द फिरला.

बोर्ड पुढे चार वर्षं तोच होता. खेळ वरच्या एकट्या कार्डावर चालत राहिले. एनव्हिडियाने २०२१ पासून एसएलआयच्या नव्या प्रोफाइल करणं बंद केलं, आणि २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर ब्रिजची जागा उरली नाही.

पण मला लिहायचं होतं ते एका रविवारबद्दल. कार्ड लावून महिना झाला असेल. दादा बाळाला घेऊन आला होता, बाळ झोपलं होतं, आणि मी एका जिन्याचं चित्र रेंडरला लावलं होतं. त्याने खुर्ची ओढली. काळ्या पडद्यावर उजळ कडांचे दोन चौकोन होते, एक मधोमध, एक त्याच्या शेजारी, आणि दोन्ही एकाच वेळी भरत होते. पायऱ्या उमटत होत्या, कठडा उमटत होता. एक चौकोन भिंतीच्या सावलीत पडला, तो झटकन संपला आणि पुढे उडाला. दुसरा काचेच्या दिव्यावर अडकून राहिला. "हा तुझा," दादा दिव्याकडे बोट दाखवत म्हणाला, "हळू आहे." मी त्याला दुसऱ्या खिडकीत दोन्ही कार्डांचे आलेख उघडून दिले, वरचं माझं, खालचं त्याचं. मग आम्ही काही बोललो नाही.

पाऊण चित्र झालं, मग सगळंच. कोपऱ्यातला एकच चौकोन उरला.

"हा कुणाचा?" दादाने विचारलं.

वरच्या कार्डाचा आलेख शून्यावर आला होता. खालचं अजून काढत होतं.